पट्ट्यांचं अंगण

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस नीलेशने सिंदी रेल्वे हे गाव सोडून कुठे जायचं नाव काढू नये, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. तरी गडी दरवर्षी नाव काढायचा आणि दरवर्षी तोंडावर आपटायचा.

पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडाचे. लेकरं आपापला नंदी दोरीने ओढत घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. पण सिंदीतल्या काही जुन्या घरांचे नंदी असे, की ओढायला चार बाप्ये लागावेत. नानाजींचा नंदी त्यातलाच. त्यांच्या आजोबांनी शिवणीच्या लाकडाचा करवून घेतलेला. गाड्यावर उभा केला की वशिंड नानाजींच्या छातीला लागायचं. नानाजी म्हणजे बाजार ओळीतले कापडवाले, वय एक्क्याऐंशी. दुकान मुलगा भैयाजी बघतो, घर सून शकुबाई बघते, आणि नानाजी ओट्यावरच्या खुर्चीत बसून अंगण बघतात. सहा वर्षं झाली, ओट्याखाली त्यांचा पाय पडलेला नव्हता.

नीलेश हा त्या नंदीचा रंगारी. रंगारी म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. नागपूरच्या कला महाविद्यालयात चार वर्षं काढलेला माणूस तो. त्याचा बाप नानाजींच्या दुकानापुढे शिलाई मशीन टाकून बसायचा आणि हा पोरगा गिऱ्हाइकाच्या कापडावर खडूने घोडे काढायचा. बाप मारायला धावला तेव्हा नानाजीच आडवे आले होते. “काढू दे गा त्याले,” ते म्हणाले होते, “याचे हात बांधशीन तं पोट्टा आंधळा होईन.” हे उपकार नीलेश विसरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण काही माणसं विसरत नाहीत, आणि मग भोगतात.

चूक मात्र त्याचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सात वर्षांपूर्वी नंदी रंगवायला नानाजींच्या गोदामात आणला. पोटाखालून नीट रंग देता यावा म्हणून नीलेशने त्याला गाड्यावरून उतरवून सरकीच्या पोत्यांवर उभा केला. सरकी ओली होती. तेवढ्यात अल्लीपूरच्या एका देवळाचं काम आलं. ‘चार दिवसांत येतो’ म्हणून गेला आणि महिना लावला! परत येऊन पाहतो तर नंदीच्या चारही पायांवर मातीचा पापुद्रा. बोट लावलं तर बोट आत गेलं. उधईने, म्हणजे वाळवीने, पाय आतून भुसा करून टाकले होते.

नानाजी तेव्हा नागपूरला दवाखान्यात होते. हृदयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. शकुबाई गोदामात आली, पाय पाहिले आणि पोत्यावर मटकन बसली.

“डॉक्टर म्हणे मामाजीले धक्का बसाले नोको,” ती म्हणाली. “हे पाह्यलं तं जाग्यावर जातीन ते. काई बी कर नीलेश, पन त्याइले समजू देऊ नको.”

“मी सांगतो ना काकू. चूक माही आहे.”

“तू सांगून मोकळा होशीन बापा! मंग मसणात कोन जाईन?”

नीलेशने सांगायचा विचार सोडून दिला. शकुबाई दुष्ट नव्हती हो. मामाजींवर, म्हणजे सासऱ्यावर, बापासारखा जीव होता तिचा, आणि जीव असलेली माणसं जो फास घालतात तो सोडवणं महाकठीण. नत्थूजी सुताराने पोखरलेले पाय चार बोटं कापून काढले आणि नंदी पुन्हा गाड्यावर चढला. आता तो तेवढाच उंच दिसला पाहिजे, हे काम नीलेशचं.

आणि इथे गडी पक्का होता. पांढऱ्याच्या मागे निळं कापड टांगलं की पांढरं पुढे सरकतं, मोठं वाटतं. पोटाखाली काळपट रंग दिला की पाय लांब दिसतात. झुलीवरची बुट्टी बारीक काढली की अंग थोराड वाटतं. शिंगं वीतभर वाढवली, गाडा मागून-पुढून आखूड केला. नानाजी दवाखान्यातून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “नंदी तं यंदा पैल्याहून जोरात दिसून राह्यला!” शकुबाईने पदराने डोळे पुसले. नीलेशला वाटलं, सुटलो एकदाचा.

कसचा सुटतो! उधई काही चित्रकलेला भुलत नाही. औषध मारलं, धूर केला, रॉकेल ओतलं, तरी ती आत होतीच. दुसऱ्याच वर्षी पाय आणखी तीन बोटं कापावे लागले, आणि पुढे दरसाल तेच होणार हे दिसत होतं. आता नुसत्या रंगाने भागेना. तेव्हा नीलेशने ती करामत केली जिचा त्याला पुढे इतका अभिमान वाटला आणि त्याहून पुढे इतकी लाज.

त्याने अंगणच रंगवलं. फरशीवर ऑइल पेंटचे आडवे पट्टे ओढले, एक गर्द निळा, एक दुधी, पुन्हा निळा, पुन्हा दुधी. ओट्यापाशी पट्टे हातभर रुंद, आणि फाटकाकडे जाता जाता अरुंद होत शेवटी बोटभर. दोन्ही बाजूंच्या किनारी तिकडे निमुळत्या केल्या. ओट्यावरून पाहिलं की वीस पावलांचं अंगण चाळीस पावलांचं वाटे. मग नंदी दरसाल वीतभर ओट्याकडे सरकवायचा. जवळ आला म्हणून मोठा दिसायचा, आणि पट्ट्यांमुळे जवळ आलाय हे कळायचं नाही. शकुबाईने तर ते पट्टे वर्षभर पुसू दिले नाहीत. दर दिवाळीला नीलेशला बोलावून पुन्हा गडद करून घ्यायची. मामाजींनी मधेच कधी नंदी बघायचा म्हटलं तर?

अशी ही गोष्ट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तळेगावच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराची जागा निघाली, हजर व्हायचं होतं ऐन श्रावणात. गेली. कुणीतरी अंगणाचा फोटो काढून मोबाईलवर टाकला, तो फिरत फिरत हैदराबादला पोचला. तिथे डोळ्यांना चकवणाऱ्या चित्रांचं म्युझियम आहे, लोक भिंतींपुढे उभे राहून फोटो काढतात. त्यांचा फोन आला, या म्हणून. “पोळा झाला का येतो,” नीलेश म्हणाला. तोवर त्यांनी दुसरा घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याची बायको आचल तर तोंडावर म्हणायची, “तुमी लगन माह्याशी केलं का त्या नंदीशी, एकदा सांगूनच टाका.” नीलेश गोदामात त्या अर्ध्या पायांच्या नंदीसमोर बसला की त्याला वाटे, उधई आपल्यालाच लागली आहे. वरून रंग नवा आणि आत भुसा.

यंदा हैदराबादवाल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि बजावलंही. गुरुवारी सकाळी हजर, नाहीतर पुन्हा फोन येणार नाही. म्हणजे बुधवारी संध्याकाळी सेवाग्रामहून गाडी धरायला हवी. पोळा शुक्रवारी, तान्हा पोळा शनिवारी. आचलने न विचारता बॅग भरून ठेवली.

आणि यंदाच नानाजींचा मोतीबिंदू काढला होता. आषाढात त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवून वर्ध्याला नेलं, ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे लख्ख झाले. भैयाजीने पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा खाली उतरणार. नानाजी काठी घेऊन ओट्याच्या कडेला आले, एक पाय पुढे केला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“नाई,” ते म्हणाले. “अंगण खाली जाऊन राह्यलं.”

गुडघ्याच्या डॉक्टरने गुडघे पाहिले, कानाच्या डॉक्टरने कान. कुठे काही नाही. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की वय झालं. वय झालं म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही. नीलेशनेही पूर्वी दोनदा ऐकलं होतं, नानाजींना अंगण विहिरीएवढं खोल दिसतं म्हणून. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला मनातल्या मनात बरंच वाटलं होतं. म्हटलं, वा, काम फत्ते!

मंगळवारी शकुबाईने त्याला गाठलं. “आता तं त्याइले समदं साफ दिसते. निळ्या कापडाले काल म्हणे, हे एवढं भडक कवा होतं? नंदीले पाहतीन तं काय होईन? काई तरी नवं कर बापा.”

“काकू, मले उद्या जा लागते. हैदराबादले.”

“शनिवारी पोळा फुटला का जाजो ना.”

“शनिवारी ती जागा नाई राहत.”

“मंग काय मामाजीले मारून जातं?” तिचा आवाज फाटला. “सात वर्स मी रोज देवाले हात जोडून राह्यली, का आजचा दिवस निभू दे. अन् तू असा जाशीन?”

नीलेशने मान खाली घातली. रात्री घरी जाऊन आचलला म्हणाला, बॅग उघड. तिने उघडली नाही. भांडलीही नाही, हेच वाईट.

बुधवारी दुपारी नानाजी जेवून आत आडवे झाले तेव्हा नीलेश आणि शकुबाईच्या घरचा गडी डोमाजी यांनी मिळून नंदी अंगणात आणून जागेवर लावला. आता तो इतका बुटका झाला होता की पोट गाड्याला टेकायला चार बोटंच बाकी. डोमाजी बैलाकडे न पाहताच निघून गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्याला माहीत व्हायचं त्याला नव्हतं. नीलेश ओट्यावर आला. नव्या डोळ्यांना हे कसं दिसेल, ते नक्की त्या खुर्चीतूनच बघायला हवं होतं.

आता गंमत बघा. सात वर्षांत तो त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसायचं नसतं. बापाने लहानपणी कान पिळून शिकवलेलं, आणि अंगात इतकं मुरलेलं की तो दरवेळी बाजूला तेवढ्याच उंचीचं स्टूल मांडून अंदाज घ्यायचा. स्टुलावरून अंगण तिरपं दिसे. आज मात्र वेळ नव्हता, कुणी बघत नव्हतं. त्याने आधी खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग बसला.

समोर पट्टे एकामागे एक लांबवर पळत होते आणि त्यांच्या टोकाशी नंदी उभा, पांढरा, थोराड, निळ्यावर उठून आलेला. अहाहा! क्षणभर नीलेश सगळं विसरला. आपण हे केलं, या हातांनी, या फरशीवर. कुठल्या हैदराबादला असं आहे? तो तसाच नंदीवर नजर ठेवून उठला, नानाजी उठतील तसा, आणि पायरीवरून पाय खाली टाकला.

पायाखाली खड्डा होता.

पायरीला लागून पहिला पट्टा गर्द निळा, त्यापुढे दुधी, त्यापुढे निळा, आणि सगळं मिळून उतरत उतरत खोल चाललेलं. नीलेशने खांब धरला. अरे, फरशी आहे ती, सपाट आहे, तूच रंगवलीस ना लेका! त्याने स्वतःला समजावलं, पुन्हा पाय पुढे केला. पाय हवेतूनच मागे आला. डोळा काही मालकाचं ऐकेना. इतकी वर्षं तो या अंगणात फाटकाकडून आला होता, पायाखाली बघत, हातात डबा घेऊन. ओट्यावरून समोर बघत कधी उतरलाच नव्हता, आणि घरातली माणसं रंग टिकावा म्हणून भिंतीच्या कडेनेच ये-जा करत.

“तुलेही दिसते काय गा?”

नीलेशने वळून पाहिलं. दारात नानाजी उभे होते, काठी धरून. किती वेळचे उभे होते कोण जाणे.

“खड्डा,” ते म्हणाले. “तुलेही दिसते?”

सात वर्षांचं खोटं जिभेवर तयार होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जी आशा होती तिच्यापुढे ते टिकलं नाही.

“हो नानाजी,” तो म्हणाला. “दिसते.”

नानाजी दाराच्या चौकटीला टेकले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. “मले वाटलं माहं डोस्कं गेलं रे. सहा वर्स. दोनदा सांगून पाह्यलं, कोनी मनावर नाई घेतलं. आनखी सांगतलं तं म्हणतीन बुढा चळला, खाटेले बांधा. म्हणून गुडघे दुखते म्हणत गेलो. गुडघ्याले काय झालं माह्या?”

नीलेश तिथे थांबूच शकला नाही. तो ओट्याच्या बाजूने, भिंतीला धरून, डोळे मिटून खाली उतरला आणि धावत गोदामात गेला. सरकीचा रिकामा बारदाना होता, ढीगभर. त्याने कवेत मावेल तेवढा आणला आणि पायरीपासून पट्ट्यांवर पोती अंथरायला लागला. एक, दोन, चार, दहा. आवाज ऐकून शकुबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

“काय करून राह्यला! नीलेश! मामाजी इथं उभे आहेत अन् तू...”

“सरका काकू.”

“अरे त्याइले दिसन ना!”

“सहा वर्सापासून दिसूनच राह्यलं त्याइले,” नीलेश ओरडला, आणि या घरात तो पहिल्यांदाच ओरडला. “आपल्यालेच नाई दिसलं.”

पोती नंदीपर्यंत पोचली. सगळं अंगण मळकट, खाकी, सपाट. नानाजींनी काठी टेकवली, खाली पाहिलं, आणि पाय टाकला. पाय पोत्यावर टेकला. त्यांनी दुसरा टाकला. शकुबाईने हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला. एकेक पाऊल करत ते नंदीपुढे आले. जुन्या सवयीने त्यांनी वशिंडावर ठेवायला हात छातीपाशी नेला. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत चाचपडला, खाली आला, आणखी खाली आला, आणि कमरेपाशी वशिंड सापडलं.

नानाजींनी झूल उचलून पाय पाहिले, काळपट रंगाखालचे आखूड झालेले पाय. मग बारदान्याचं एक टोक काठीने सारून खालचा निळा पट्टा पाहिला. बराच वेळ पाहिला. चार पिढ्यांच्या कापडधंद्यातला माणूस तो; कुठला रंग कशाशेजारी ठेवला की काय दिसतं, हे त्याला कुणी समजवायला नको होतं.

“कोनं केलं?”

शकुबाईने तोंड उघडलं. “मामाजी, तुमची तब्येत...”

“मी केलं,” नीलेश म्हणाला. “उधई माह्या चुकीनं लागली. पट्टे बी मीच ओढले.”

वाटलं, आता म्हातारा छाती धरून खाली बसतो. शकुबाईने तर डोळेच मिटले. पण नानाजी ताठ उभे राहिले, इतके ताठ नीलेशने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“नंदी लाकडाचा होता, नीलेश,” ते हळू म्हणाले. “उधई लागली म्हणून सांगतलं असतं तं दोन दिवस रडलो असतो मी. सहा वर्स नसतो रडलो.”

नीलेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याला माफी मागायची होती, पण माफी कशी मागतात तेच आठवेना.

नानाजींनी फाटकाकडे तोंड केलं. पलीकडच्या रस्त्यावर झुली-घुंगरांची दुकानं लागली होती, माणसांची गर्दी होती. “सूनबाई,” ते म्हणाले, “चप्पल आन माही.”

शकुबाई आत गेली. कपाटं उघडल्याचा आवाज आला, खाटेखालच्या पेट्या ओढल्याचा आवाज आला. ती रिकाम्या हातांनी परत आली आणि दारातच उभी राहिली. घरात नानाजींची चप्पलच नव्हती. सहा वर्षांत लागली नव्हती, म्हणून कुणी आणलीही नव्हती. तिने पदर तोंडात कोंबला आणि हुंदका दिला.

नीलेशने आपल्या चपला काढल्या आणि वाकून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. नानाजींनी त्या घातल्या. मोठ्या होत होत्या, तरी घातल्या. त्यांनी फाटकाची कडी काढली आणि एकदाही मागे न बघता रस्त्याला लागले. “मामाजी, थांबा ना!” करत शकुबाई अनवाणीच त्यांच्यामागे धावली.

अंगणात नीलेश आणि नंदी उरले. हैदराबादच्या गाडीला अजून तीन तास होते, बॅग भरलेली होती आणि त्याला अडवणारं आता कुणीच राहिलं नव्हतं. पण चपला नानाजींच्या पायांत होत्या, आणि ते केव्हा परततील हे विचारायला त्याला तोंड नव्हतं. तो बारदान्यावरून चालत ओट्यावर आला आणि वाट पाहत त्याच खुर्चीत बसून राहिला.